एक पक्का शेर

लेकाचं वजन जास्त आलं म्हणून नामाजीनं गावात पाच शेर गूळ वाटला. दुकानदारानं तो किलोनंच तोलला, पण नामाजी शेर म्हणाला म्हणजे शेर. सिद्धेश्वरच्या धरणाखाली, कालव्याच्या कडेला त्याचं गाव. तिथं किलो येऊन चाळीस वर्षं झाली असतील, पण नामाजीच्या तोंडात तो अजून आला नव्हता.

आता ह्यात हसण्यासारखं काही नाही. मेंढरं राखणाऱ्याच्या घरात वजन जास्त येणं ही आनंदाचीच गोष्ट. उभ्या जन्मात नामाजीनं 'वजन जास्त आहे' म्हणून बाजारातून परत आलेलं जनावर पाहिलं नव्हतं. त्यामुळं कारखान्याच्या दवाखान्यातून लेक बाहेर आला, मागोमाग शिपाई आला आणि म्हणाला, "काका, पोराचं वजन लय जास्त आलं," तेव्हा नामाजीनं त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "तुमच्या तोंडात साखर पडो."

शिपायाचं नाव किसनसिंग. त्याला वाटलं, म्हातारा धक्क्यानं बरळून राहिला. त्यानं कागद पाकिटात घातला, पाकीट नामाजीच्या हातात दिलं आणि खोकत खोकत आत गेला.

लेकाचं नाव रामप्रसाद. वय सत्तावीस, पेशा कुस्ती. कुरुंद्याच्या फडात त्यानं दोनदा शेवटच्या कुस्तीचा मानाचा नारळ जिंकला होता. मेंढरांमागं मात्र त्याचं मन नव्हतं, आणि त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोचं नव्हतं. ही अंजली बारावी शिकलेली. दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा हलायचा आणि आठ महिने रानोरान फिरायचा. तिची पोरगी आता सहाची होणार होती. फिरत्या वाड्यातल्या पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, हा प्रश्न अंजली रोज नवऱ्याला विचारी आणि नवरा रोज जोर मारायला निघून जाई.

तेवढ्यात एका साखर कारखान्यानं खेळाडूंच्या कोट्यातून चार सुरक्षा रक्षक घ्यायचे ठरवले. साल दोन हजार चार. राहायला खोली, खोलीच्या मागं शाळा. रामप्रसाद निवडला गेला, म्हणून ह्या वर्षी वाडा गावातच राहिला. आता फक्त दोन गोष्टी उरल्या होत्या. एक म्हणजे डॉक्टरी तपासणी, आणि दुसरी म्हणजे पन्नास किलोचं पोतं खांद्यावर घेऊन शंभर पावलं चालणं. रक्षकाला पोतं कशाला, असं कुणी विचारलं नाही. नियम होता. आणि पुढच्या वर्षी रामप्रसादचं वय कोट्यातून बाहेर जाणार होतं, म्हणजे ही नोकरी आत्ता नाही तर कधीच नाही.

पोत्याची कुणालाच काळजी नव्हती. पोतं तो दातात धरून नेईल, असं नर्मदाबाई, म्हणजे त्याची आई, सगळ्यांना सांगत होती.

तर गूळ वाटून झाला. चहाच्या हॉटेलवाल्या वसरामनं दोन खडे घेतले आणि विचारलं, "कशाचा म्हनायचा हा?"

"पोराचं वजन जास्त भरलं."

"मंग लागली म्हना नोकरी."

"तर काय."

नामाजी घरी आला तर लेकाबरोबर पुढं पाठवलेलं पाकीट फोडून अंजली दारात उभी. तिचा चेहरा उतरला होता.

"मामा, तुमी गूळ वाटला?"

"मंग? पाच शेर."

"मामा, ह्यात 'अयोग्य' लिव्हलंय."

"कोन अयोग्य?"

"हे. तुमचा लेक. 'लठ्ठपणा. तात्पुरता अयोग्य.' अकरा दिवसांनी परत बोलावलंय."

नर्मदाबाईनं चुलीपुढून मान वर केली. "लठ्ठ? माझं लेकरू? कुना आंधळ्यानं तपासलं म्हनायचं?"

नामाजीनं पाकीट हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण कागद आपल्याला फसवून राहिला एवढं कळत होतं.  गुळाचं त्याला काही वाटलं नाही. त्याला नातीचं वाटलं.

नामाजीबद्दल एक सांगायचं राहिलं. मेंढरू तो कधी काट्यावर चढवत नसे. जनावराच्या पाठीवर पंजा टाकायचा, कण्याच्या एका अंगाला अंगठा, दुसऱ्या अंगाला चार बोटं, आणि डोळे मिटून दाबायचं. हाड किती खोल लागतं, त्यावरून मटण किती पडेल ते सांगायचा. औंढ्याच्या बाजारात खाटीक त्याला मुद्दाम बोलावून न्यायचे. तीस वर्षांत पावशेराच्या वर तो चुकला नव्हता. लोकर भिजलेली आहे का, पोट पाण्यानं फुगवलंय का, चरबी कुठं आणि मांस कुठं, हे त्याच्या बोटांना दिसायचं. "काटा येडा असतो," असं तो म्हणायचा, "त्याला काय चढवलं ते कळत न्हाई. नुसतं किती चढवलं ते कळतं."

दुसऱ्या दिवशी तो लेकाला घेऊन कारखान्याच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई तरुण होती, परभणीकडची असावी. तिनं दोघांना बसवलं.

"बाई," नामाजी म्हणाला, "माज्या पोराला लठ्ठ काहून लिव्हलं?"

"बाबा, मी नाही लिहिलं. तक्त्यानं लिहिलं." तिनं भिंतीवरचा तक्ता दाखवला. "उंची एकशे सत्तर. वजन सत्त्याऐंशी. वजनाला उंचीनं दोनदा भागलं की एक आकडा येतो. बीएमआय म्हणतात त्याला. ह्याचा तीस पूर्णांक एक आला. कारखान्याला सत्तावीसच्या आत पाहिजे. तीसच्या वर गेलं की लठ्ठ."

"तुमी ह्याच्या पोटावर हात लावून पाहिला का?"

"पाहिला. दगड आहे. कंबर चौतीस, छाती पंचेचाळीस. नाडी मिनिटाला चौपन्न. चिमट्यानं कातडी धरून मोजली, चरबी माझ्यापेक्षा कमी निघाली." बाई जरा हसली. "पण तक्त्याला चरबी आणि मांस ह्यातला फरक कळत नाही. त्याला फक्त उंची आणि वजन."

"म्हंजी लोकर न कातरता मेंढरू तोलल्यावानी."

"अगदी तसं."

नामाजीला बाई एकदम आवडली. "मंग हे तुमाला कळतंय, तर अडतंय कुठं?"

"फॉर्ममध्ये. फॉर्ममध्ये उंचीचा रकाना आहे, वजनाचा आहे, आकड्याचा आहे. पैलवानाचा रकाना नाही."

दारात उभा असलेला किसनसिंग मध्येच बोलला, "आता मला पाहा काका. मी चढलो काट्यावर, माझा आकडा एकवीस. एकदम बराबर. बाईंनी सांगितलं, उत्तम." एवढं बोलून त्याला खोकल्याची अशी उबळ आली की तो दाराला धरून खाली बसला. खिशातून विड्यांचं बंडल पडलं ते रामप्रसादनं उचलून दिलं, त्याच हातानं किसनसिंगलाही उचललं, आणि तो त्याला बाहेर घेऊन गेला.

बाईच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. तिनं एका हातानं तो उचलला, त्याच्यावर पंजा ठेवला आणि नामाजीला म्हणाली, "बाबा, काळजी करू नका. दहा दिवस आहेत. मी वरच्या साहेबांशी बोलते. एक पक्का शेरा, बास. त्यावर काम होऊन जाईल." आणि ती फोनवर बोलायला लागली.

पक्का शेर म्हणजे काय, हे नामाजीला सांगायची गरज नव्हती. निजामाच्या अमलात कच्चा शेर वेगळा आणि पक्का शेर वेगळा, हे त्याच्या बापानं त्याला मेंढराच्या पाठीवर हात धरून शिकवलं होतं. ह्या एवढ्याशा शिकलेल्या पोरीच्या तोंडात पक्का शेर ऐकून त्याला भरून आलं. चांगल्या घरची आहे, म्हणाला मनाशी. पण एक शेर म्हणजे किलोलासुद्धा कमी. एवढ्यानं तीसचे सत्तावीस कसे होतील?

त्यानं बाहेर किसनसिंगला विचारलं, "पोराचं वजन किती उतरायला पायजे?"

"सत्त्याऐंशी हाय. अठ्ठ्याहत्तरच्या आत पायजे. नऊ किलो समजा काका."

घरी येईपर्यंत नामाजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दहा दिवस. एक पक्का शेर. म्हणजे रोज एक पक्का शेर!

अंजलीनं मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "मामा, बाई नक्की काय म्हनल्या?"

"दहा दिवस, एक पक्का शेर, बास."

"शेर? कोनत्या जमान्यातली बाई हाय?"

"शिकलेली हाय."

अंजलीनं पोरीची पाटी ओढली आणि हिशेब मांडला. पक्का शेर किलोला थोडा कमी. दहा शेर म्हणजे सव्वानऊ किलोच्या वर. सत्त्याऐंशीतून वजा केले की उरले पावणेअठ्ठ्याहत्तर. शिपायानं सांगितलं होतं अठ्ठ्याहत्तरच्या आत. गणित असं चपखल बसलं की तिला पुढं काही बोलता येईना. तिनं पाटी पुसली. बारावीपर्यंत तिचं एकही गणित इतकं बरोबर आलं नव्हतं.

तेव्हापासून रामप्रसादचा खुराक बंद झाला. सकाळचं शेळीचं दोन लिटर दूध बंद, भाकरीवरचं तूप बंद, तिसऱ्या दिवसापासून भाकरीही बंद. वरणाचं पाणी, एक काकडी. आणि दुपारी, चैत्राच्या उन्हात, मोकळ्या वाड्यात घोंगडं पांघरून बसायचं. एक नाही, दोन घोंगडी. मेंढरंसुद्धा बाभळीखाली जाऊन उभी राहायची आणि तिथून ह्याच्याकडं बघायची.

नर्मदाबाईनं पहिल्या दिवशी शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ताट वाढून ठेवलं. नामाजीनं ते उचलून कुत्र्यापुढं ठेवलं, तेव्हा ती नवऱ्याशी बोलायचीच बंद झाली. म्हणजे बोलायची, पण कुत्र्याशी. "खा रे बाबा, तू तरी खा. तुझा बाप अजून येडा झाला न्हाई."

रामप्रसाद सांगितलं तसं करत राहिला. आखाड्यात तो कुणाला भीत नव्हता आणि घरात बापाच्या शब्दाबाहेर नव्हता. सहाव्या दिवशी फक्त म्हणाला, "आबा, उठलो की गरगरतंय."

"चार दिस हायेत रे. आपल्या पोरीकडं पाय."

रामप्रसादनं पोरीकडं पाहिलं. पोरगी पाटीवर अ काढून राहिली होती. तो परत घोंगड्यात शिरला.

आणि हे वजन मोजायचं कुठं, तर गावातल्या हळदीच्या व्यापाऱ्याकडं. पोती तोलायचा मोठा काटा होता. ज्या माणसानं उभ्या जन्मात मेंढरू काट्यावर चढवलं नाही, त्यानं पोटच्या पोराला रोज सकाळी दोन पोत्यांच्या मधल्या वेळात काट्यावर चढवलं. काटा काय म्हणतो ते व्यापारी ओरडून सांगे आणि नामाजी मोठ्यानं म्हणे, "बराबर." दहा दिवसांत त्यानं लेकाच्या अंगाला एकदाही हात लावला नाही. काटाच सगळं सांगत होता.

दहाव्या दिवशी काटा म्हणाला, साडेसत्त्याहत्तर.

दवाखान्याच्या काट्यावरही तेवढंच भरलं. किसनसिंगनं बोटानं तक्त्यावर रेघ ओढत नेली आणि त्याचा चेहरा फुलला. "सव्वीस पूर्णांक आठ! बसला की आकडा. काका, आता मात्र गूळ वाटा. पोतं परवा सकाळी हाय, तेवढं उचललं की झालं."

नामाजीनं टोपी काढून कपाळ पुसलं. सुटला बिचारा. आत डॉक्टरीणबाईला रामराम घातला आणि लेकाला पुढं केलं.

बाईनं मान वर केली आणि ती पेन खाली ठेवून उठली.

"हे कोण?"

"रामप्रसाद," रामप्रसाद म्हणाला. त्याचे ओठ फुटले होते. सदरा खांद्यावरून निसटून राहिला होता. डोळे आत गेले होते. त्यानं टेबलाची कड धरली होती, आणि ती धरली आहे हे कुणाला कळू नये अशी धरली होती.

"आजारी होता का? कावीळ? जुलाब?"

"न्हाई जी," नामाजी अभिमानानं म्हणाला. "शेर उतरवले."

"काय उतरवलं?"

"शेर. तुमी म्हनला न्हाई का, दहा दिस, एक पक्का शेर, बास. रोज एक उतरवला. दहा झाले. पुरे भरले, मोजून घ्या."

 बाईनं कपाटातून फाइल काढली, उघडली आणि एका कागदावर बोट ठेवलं. कागदावर निळ्या शाईत चार ओळी होत्या, खाली सही आणि गोल शिक्का.

"बाबा, हा शेरा. शे-रा. कागदावर लिहितात तो. मी त्याच दिवशी लिहिला, साहेबांनी चौथ्या दिवशी सही केली. ऐका. 'उमेदवार कुस्तीगीर असून त्याचे वजन चरबीचे नसून स्नायूंचे आहे. प्रकृती उत्तम. सबब उंची-वजनाचा आकडा त्यास लागू करू नये. योग्य.' बास, एवढंच. तुम्हाला नुसतं यायचं होतं. जसं होतं तसं घेऊन यायचं होतं."

"मंग शेर?"

"शेर नाही बाबा."

खोलीत पंखा फिरत होता. किसनसिंगला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. बाई हसली नाही. ती म्हणाली, "माझंच चुकलं. फोन ठेवून बोलायला पाहिजे होतं."

किसनसिंग म्हणाला, "पण बाई, आता भांडण कशाचं? आकडा तर बसला. शेऱ्याची जरूरच न्हाई. योग्य लिव्हा आन् द्या पाठवून."

"लिव्हा बाई," रामप्रसाद म्हणाला. "पोतं उचलतो मी परवा."

बाईनं नामाजीकडं पाहिलं. "आकड्याप्रमाणं तो आज योग्य आहे. मला लिहायचं म्हटलं तर लिहिता येतं. पण..."

नामाजी उठला. तो लेकाच्या मागं गेला आणि त्यानं पोराच्या पाठीवर पंजा ठेवला. कण्याच्या एका अंगाला अंगठा, दुसऱ्या अंगाला चार बोटं. पोरगं लहान असताना कधी ठेवला असेल तेवढाच. कुस्ती जिंकल्यावर लोक पोराला खांद्यावर घ्यायचे आणि नामाजी लांब लिंबाखाली उभा राहून पाहायचा, कारण जवळ गेलं तर डोळ्यांत पाणी येतं आणि बापाच्या डोळ्यांत पाणी बरं दिसत नाही. त्यानं डोळे मिटले आणि दाबलं.

हाड लगेच लागलं.

त्यानं जरा खाली सरकवून दाबलं. तिथंही लागलं. अंगठ्याखाली मणके एक एक करून मोजता आले. कुरुंद्याला दोन नारळ जिंकलेली पाठ ही. तीस वर्षं परक्यांची मेंढरं चाचपत आलेल्या त्या बोटांनी घरच्या पाठीला दहा दिवस शिवायचं नाकारलं होतं, आणि नामाजी येड्या काट्याला विचारत राहिला होता. 

"बाई," तो म्हणाला, "अयोग्य लिव्हा."

"आबा!" रामप्रसाद वळला.

"तू गप. माज्या हाताला हाड लागलं."

"मी उचलतो म्हनलं न्हाई का!"

"काय उचलतोस? टेबल सोड अन् उभा राहून दाखव."

रामप्रसादनं टेबल सोडलं. तीन मोजेपर्यंत उभा राहिला आणि मग बाईच्या खुर्चीत बसला.

"नीट विचार करा बाबा," बाई म्हणाली. "अशक्तपणा म्हणून तात्पुरता अयोग्य लिहिलं तर एकवीस दिवस मिळतील. पण त्यानंतर तारीख नाही. ती शेवटची. आणि तेव्हा आकडा परत वर गेलेला असणार. मग सगळं ह्या शेऱ्यावरच. साहेब बदलले, त्यांनी शेरा मानला नाही, तर माझ्या हातात काही नाही. आज लिहिलं तर निदान कागद तरी पक्का."

नामाजीला नात आठवली, तिची पाटी आठवली. हातातली गोष्ट तो हातानं सोडून राहिला होता, हे त्याला पुरतं कळत होतं.

"बाजारात असं जनावर आलं," तो म्हणाला, "तर मी मालकाला सांगतो, हे आज इकू नको. घरी ने. चार त्याला. ह्याला बी मी घरी नेतो. लिव्हा तुमी."

बाईनं लिहिलं. बाहेर आल्यावर नामाजी दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि उपरणं तोंडाला लावून रडला. रामप्रसाद शेजारी बसून राहिला. त्याला उभं राहवतही नव्हतं.

"चुकलं माझं," नामाजी म्हणाला.

"असू द्या आबा. आधी काईतरी खाऊ."

समोरच्या गाड्यावर रामप्रसादनं अठरा भजी खाल्ली.

घरी नर्मदाबाईनं कागदात काय लिहिलंय ते विचारलं. अंजलीनं वाचलं, "अशक्तपणा. तात्पुरता अयोग्य." नर्मदाबाई म्हणाली, "आता खरं लिव्हलं," आणि दहा दिवसांनी पहिल्यांदा नवऱ्याला ताट वाढलं. अंजलीला सगळी हकीकत कळली तेव्हा ती कितीतरी वेळ पाटी हातात घेऊन बसली होती. मग म्हणाली, "गनित बराबर व्हतं मामा. शब्द चुकला." आणि तिनं पोरीला जवळ ओढून पाटीवर मोठ्या अक्षरात 'शेरा' लिहून दाखवलं.

पुढचे एकवीस दिवस काटा नाही, काही नाही. शेळीचं दूध परत सुरू झालं. दोनचं तीन लिटर झालं. ज्वारीची भाकरी, वर तुपाचा गोळा, भिजवलेले हरभरे, पाचव्या दिवसापासून जोर, दहाव्यापासून आखाड्यातली मेहनत. रोज संध्याकाळी वाड्यात मेंढरं आली की नामाजी लेकाला हाक मारायचा. रामप्रसाद पाठ करून उभा राहायचा आणि म्हातारा डोळे मिटून दाबायचा. "अजून न्हाई," म्हणायचा. रोज तेच. रामप्रसाद हसायला लागला. नर्मदाबाई म्हणाली, "अवो, बाजारात नेऊन राहिलात का त्याला?" एकोणिसाव्या दिवशी नामाजीनं दाबलं, परत दाबलं, अंगठा कण्याजवळ रोवून पाहिला. हाड गेलं होतं खाली, मांसात.

"बराबर," तो म्हणाला, आणि हात लगेच काढला नाही.

दवाखान्याच्या काट्यावर साडेशहाऐंशी भरले. किसनसिंगनं तक्त्यावर बोट नेलं आणि तोंड वाकडं केलं. "पुन्हा सत्तावीसच्या वर काका. लय वर."

"जाऊ द्या वर," नामाजी म्हणाला.

डॉक्टरीणबाईनं कंबर मोजली, छाती मोजली, चिमटा लावला, जुना कागद काढला आणि त्याच्याखाली आजची तारीख घातली. आतल्या खोलीत नवे साहेब होते. बाई कागद घेऊन आत गेली. नामाजी, रामप्रसाद आणि किसनसिंग बाकावर बसून दाराकडं बघत राहिले. नामाजीनं तेवढ्यात एकदा लेकाची पाठ चाचपून घेतली. आतून बाईचा आवाज येत होता, मग साहेबाचा, मग बराच वेळ फक्त बाईचा. ती बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"मानला," ती म्हणाली.

पोतं त्याच दुपारी होतं. रामप्रसादनं ते उचलून खांद्यावर टाकलं, शंभर पावलं चालला आणि विचारलं, कुठं ठेवू? परीक्षा घेणारा माणूस पावलं मोजण्याच्या नादात होता, त्याला ते सांगायचं सुचलं नाही. म्हणून रामप्रसाद पोतं घेऊन शंभर पावलं परत आला आणि होतं तिथंच ठेवलं.

संध्याकाळी दोघं बापलेक गावात उतरले. वसरामनं हॉटेलातूनच हाक मारली, "काय झालं हो नामाजी?"

"लागली."

"अरे वा! आकडा बसला म्हना शेवटी."

"न्हाई बसला. वजन जास्तच हाय."

वसरामला ह्याचा काही उलगडा झाला नाही, पण त्यानं हात पुढं केला. "मंग काढा की गूळ."

"मागंच वाटला न्हाई का, पाच शेर?" नामाजी लेकाच्या पाठीवर हात ठेवून पुढं चालत म्हणाला. "त्यो ह्याच वजनाचा व्हता."